पेठेचा इतिहास लिहायला घेताय? आधी हद्द ठरवा

गणेशोत्सवाच्या आधी दोन-तीन महिने पुण्यात एक ठरलेली मागणी सुरू होते: ‘स्मरणिकेत आपल्या पेठेचा इतिहास टाकायचाय, चार पानं द्या.’ चार पानं येतातही. वरचं पेठेचं नाव झाकलं तर कसब्याचा लेख शुक्रवारात आणि शुक्रवाराचा सदाशिवात खपेल, अशी. सगळ्यांत पेशवे, सगळ्यांत ‘एकोप्याने नांदणारे अठरापगड’, सगळ्यांत एक भुयार, आणि ते भुयार हमखास शनिवारवाड्यापर्यंत जाणारं.

हे बहुतेक वेळा कामाचा क्रम उलटा लागल्यामुळे होतं. लोक आधी मोबाईलवर शोधतात, मग आजोबांना ‘पूर्वी कसं होतं?’ विचारतात, आणि कागदपत्रं बघायची वेळ येते तेव्हा छापखान्याची तारीख आलेली असते. खालचा क्रम पुण्याच्या पेठा डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे. एका आळीला सहा महिने धरा. चार आठवड्यांत हवं असेल तर पहिल्या दोन टप्प्यांपुरतंच करा आणि तेवढंच छापा.

## टप्पा १ : हद्द आणि नावांची यादी

अख्खी पेठ घेऊ नका. एक आळी, एक बोळ, फार तर दोन चौकांमधला रस्ता घ्या. तांबट आळी घेतली तर काहीतरी हाताला लागतं. ‘कसबा पेठ’ घेतली की लाल महाल आणि कसबा गणपतीवरच पानं संपतात.

हद्द कागदावर काढा. महापालिकेचा प्रभाग आणि पेठ यांच्या सीमा जुळत नाहीत. प्रभागाच्या रेषा निवडणुकीगणिक हलतात, म्हणून प्रभागाचा नकाशा आधाराला घेऊ नका. हद्द सांगताना ‘अमुक हौदापासून तमुक मारुतीपर्यंत’ असं सांगितलंत तर जुन्या कागदांशी लवकर जुळेल, कारण तेही तसंच सांगतात.

मग आपल्या जागेची सगळी जुनी नावं एका पानावर लिहा. हे पान पुढे प्रत्येक टप्प्यात लागतं. शनिवार पेठ कागदात मुर्तजाबाद म्हणून येते, बुधवार मोहियाबाद, रविवार मलकापूर, सोमवार शहापूर, मंगळवार अष्टपुरा, शुक्रवार विसापूर. गुरुवार पेठेला वेताळ पेठ म्हणत. रास्ता पेठ आधी शिवपुरी होती. आजची महात्मा फुले पेठ अजून निम्म्या लोकांच्या तोंडी गंज पेठच आहे. ‘मोहियाबाद’ हे पुण्याबाहेरचं कुठलं तरी गाव समजून बुधवार पेठेचा कागद बाजूला ठेवणारे लोक असतात, म्हणून हे इतकं ताणून सांगतोय.

पडताळा : यादीत पेठेचं नाव, आळीचं नाव, देवळाचं बोलीतलं नाव आणि हौद किंवा विहीर, या चारही गोष्टी आल्या का? नकाशावर ‘मुरलीधर मंदिर’ असतं आणि लोक ‘खुन्या मुरलीधर’ म्हणतात. दोन्ही नावं लागतील.

## टप्पा २ : जे पडणार आहे ते आधी टिपा

इथे मी नेहमीच्या सल्ल्याच्या विरोधात आहे. अभ्यासक सांगतात, आधी वाचन करा, मग जागेवर जा. पेठांमध्ये तेवढी सवड नाही. ज्या वाड्यावर विकसकाचा फलक लागलाय, किंवा महापालिकेने धोकादायक म्हणून नोटीस चिकटवली आहे, तो आधी. कागद दप्तरात पुढच्या वर्षीही असेल, वाडा नसेल.

मालकाची परवानगी घ्या आणि भाडेकरूंचीही. भाडेकरू आणि मालक यांच्यात दावा चालू असेल तर तुमचा कॅमेरा कोणाच्या बाजूचा, अशी शंका येतेच. काम काय आहे ते दोघांना सारख्याच शब्दांत सांगा आणि फोटोंची प्रत दोघांनाही द्या.

फोटो या क्रमाने काढा: रस्त्यापलीकडून पूर्ण दर्शनी भाग, दरवाजा आणि गणेशपट्टी, दिंडी (मोठ्या दरवाजातलं छोटं दार), देवडी (पहारेकऱ्यांची जागा), मग चौकात उभं राहून चारही बाजू, ओसरी, जिना, माजघर, देवघर, शेवटी परसू आणि विहीर. प्रत्येक खोलीत आधी चार कोपऱ्यांतून चार फोटो आणि मगच नक्षीकाम. बहुतेकांच्या संग्रहात सुरूच्या खांबांचे आणि केळफुलांचे साठ फोटो असतात, आणि स्वयंपाकघर कुठल्या बाजूला होतं ते एकाही फोटोतून कळत नाही. वाडा पडल्यावर तेच विचारलं जातं.

चौकाचा साधा आराखडा हाताने काढा. मोजपट्टी नसेल तर खण मोजा, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं. ‘तीन खणी ओसरी’ एवढी नोंदसुद्धा फोटोपेक्षा जास्त सांगते.

इशारा : वाड्याचं वय छपरावरून ठरवू नका. मंगलोरी कौलांचा बासेल मिशनचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे अशी कौलं त्याआधीची असणं शक्य नाही. पण त्यावरून फक्त छपराचं वय कळतं, खालच्या भिंतींचं नाही. दर्शनी भागातला बिडाचा कठडा, छतातल्या लोखंडी तुळया आणि मागच्या बाजूच्या भेंड्याच्या (कच्च्या मातीच्या विटांच्या) भिंती एकाच वाड्यात तीन वेगवेगळ्या काळांच्या असू शकतात. एकाच तारखेचा हट्ट सोडा. ‘मागचा चौक जुना, रस्त्याची बाजू नंतर बांधलेली’ असं लिहा.

नदीकाठच्या पेठांमध्ये, म्हणजे नारायण, शनिवार आणि कसब्याच्या खालच्या भागात, आणखी एक गोष्ट बघा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा इथली घरं पाण्याखाली गेली आणि कित्येक पडली. तिथे उभी असलेली इमारत पुराआधीची की नंतरची, हा प्रश्न घरटी विचारायचा.

## टप्पा ३ : नंबर जुळवा, मिळकत पत्रिका काढा

पेठेतल्या जुन्या पत्त्यात रस्ता नसतो, घर नंबर आणि पेठ एवढंच असतं. हा नंबर, नगर भूमापन क्रमांक (लोक त्याला सी.टी.एस. नंबर म्हणतात) आणि मिळकत कराच्या बिलावरचा नंबर, हे तिन्ही एकच आहेत असं गृहीत धरू नका. प्रत्येक घरासाठी तीन रकाने करा आणि तिन्ही नंबर शेजारी शेजारी लिहा. जुळले तर उत्तम. पुढची निम्मी भांडणं या तक्त्यावर मिटतात.

तलाठ्याकडे सातबारा मागायला जाऊ नका. गावठाण-पेठांत नगर भूमापन झालेलं आहे, तिथे मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड चालतं आणि ते नगर भूमापन कार्यालयाकडे असतं. आजचं कार्ड भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावरही मिळतं, पण संगणकाच्या कार्डावर थांबलात तर शेवटचे दोन-तीन फेरफारच दिसतील. कार्यालयात अर्ज करून जुन्या हस्तलिखित पत्रिकेची आणि मूळ चौकशी नोंदवहीतल्या उताऱ्याची नक्कल मागा. पहिला धारक कोण, जागा कुठल्या धारणाधिकाराची, मधल्या वाटणीत एका वाड्याचे तीन कसे झाले, हे तिथे कळतं.

कार्डावर वारसांची नावं, बोजे आणि दाव्यांच्या नोंदी असतात. त्या समजून घेण्यासाठी आहेत, छापण्यासाठी नाहीत. हयात माणसांची मालकी आणि वाटणीतली भांडणं स्मरणिकेत आली की पुढच्या वेळी आळीत कोणी दार उघडत नाही.

पडताळा : कार्डावरचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. तुमच्या हाताने काढलेल्या आराखड्याशी ते ढोबळपणे तरी जुळतं का? अजिबात जुळत नसेल तर बहुधा तुम्ही शेजारच्या घराचं कार्ड काढलंय.

## टप्पा ४ : छापील साधनं आणि दप्तरं

सुरुवात मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरपासून करा. पुण्याचा अठरावा खंड, त्याचा तिसरा भाग, १८८५. त्यात शहराच्या पेठांच्या वेगवेगळ्या नोंदी आहेत. पण ते १८८५ चं शहर आहे हे विसरू नका. त्यातलं ‘आज’ हे तुमचं आज नाही. त्यातल्या वाक्यांचा मराठी अनुवाद वर्तमानकाळात छापलेला मी एकापेक्षा जास्त स्मरणिकांत पाहिलाय.

वर्तमानपत्रांत ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासूनचं आणि ‘केसरी’ १८८१ पासूनचा. सगळं चाळायला बसू नका. तारीख हातात असेल तरच जा: १८७९ ची बुधवारवाड्याची आग, १८८६ ची नवी मंडई, १८९७ चा प्लेग. आग, रोगराई, पूर आणि रस्तारुंदी यांच्या बातम्यांतच आळ्यांची आणि घरांची नावं येतात. एरवी पेठ बातमीत येत नाही.

पेशवे दफ्तर पुणे पुराभिलेखागारात आहे. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात (स्थापना १९१०) कागदपत्रं आणि छापील साधनं दोन्ही आहेत. दोन्हीकडे जाण्याआधी टप्पा १ चं नावांचं पान बरोबर घ्या. ‘आमच्या पेठेबद्दल काय आहे?’ असं विचारलंत तर तिथला माणूस काहीच करू शकत नाही. ‘वेताळ पेठ, अमुक आळी, १७६० ते १७९०’ असं विचारलंत तर निदान कुठून सुरू करायचं ते सांगेल.

मोडी येत नसेल तर येणाऱ्याला बरोबर घ्या. मोबाईलवर फोटो पाठवून ‘जरा वाचून द्या’ म्हणणं सोडा. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, त्यामुळे एकाच ओळीचा फोटो पाठवलात तर चांगला वाचकही अडतो. पूर्ण पान द्या.

## टप्पा ५ : तारखा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडा वेळ इथे घालवा.

शक. इसवी सन काढताना सरसकट ७८ मिळवतात. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शनिवारवाड्याची पायाभरणी शके १६५१, माघ शुद्ध तृतीयेची. ७८ मिळवलेत तर १७२९ येतं. माघ जानेवारी-फेब्रुवारीत येतो, म्हणून ७९, म्हणजे १७३०.

याच तारखेत दुसरा सापळा आहे. पुस्तकांत १० जानेवारी १७३०, शनिवार असं असतं. संगणकावर ही तारीख टाका, मंगळवार येतो. मग कोणीतरी ‘इतिहासकारांची चूक’ शोधून काढल्याचा लेख लिहितो. चूक नाही. ती तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. इंग्रजांनी १७५२ मध्ये पंचांग बदललं, त्याआधीच्या इंग्रजी पद्धतीच्या तारखेत त्या शतकापुरते ११ दिवस मिळवायचे. २१ जानेवारी १७३० टाका, शनिवार येईल.

अरबी सन. पेशवाईच्या कागदांत शुहूर सन असतो आणि तो अक्षरांत लिहिलेला असतो, एकं आधी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १, ६०, १०० आणि १०००, एकूण ११६१. हे वर्ष मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून चालतं. डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. म्हणजे हे साल १७६०-६१, पानिपताचं. ‘सितैन’ ६० आणि ‘सीत’ ६ यांची गल्लत करू नका.

पैवस्ती. पत्रावर ही नोंद असेल तर ती पत्र पोहोचल्याची तारीख असते. पत्र लिहिल्याची तारीख वेगळी. पुण्याहून पुण्यात फरक पडणार नाही, पण तुमच्या वाड्याचा मालक मोहिमेवरून घरच्या बांधकामाबद्दल लिहीत असेल तर आठवड्यांचा फरक पडतो.

पडताळा : प्रत्येक तारीख मूळ रूपात आणि बदललेल्या रूपात, दोन्ही लिहा. फक्त इसवी सन लिहून मूळ टाकून दिलंत तर नंतर कोणालाच तपासता येणार नाही.

## टप्पा ६ : माणसं, दोन फेऱ्यांत

पहिली फेरी छोटी ठेवा आणि ती टप्पा २ बरोबरच उरका, कारण वयं झालेली असतात. अर्धा तास पुरे. फक्त नावं विचारा: वाड्यात किती बिऱ्हाडं होती, कोण कुठल्या खोलीत, समोर कोण, पाणी कुठून. आठवणी सांगायला लागले तर थांबवू नका, पण तुम्ही प्रश्न मात्र नावांचेच विचारा.

दुसरी फेरी कागद हातात आल्यावर. आता तुमच्याकडे आराखडा आहे, नंबर आहेत, जुने फोटो आहेत. ते समोर ठेवा. ‘आजी, पूर्वी पेठ कशी होती?’ याला उत्तर एकच येतं: ‘फार छान होती, आता काही राहिलं नाही.’ त्याऐवजी आराखड्यावर बोट ठेवून विचारा, ‘आजी, हा मागचा दरवाजा कोणासाठी उघडायचा?’ मग भंगी बोळ (सफाई करणाऱ्यांच्या ये-जा करण्याचा) निघतो, कोणाला पुढच्या दाराने यायची मुभा नव्हती ते निघतं, बाळंतिणीची खोली निघते, कोळशाची वखार कुठे होती ते निघतं. पेठेचा स्वभाव म्हणतात तो असा, दारादारांतून हाती येतो.

साल विचारू नका, खूण विचारा. पानशेतच्या आधी की नंतर? कोयनेच्या भूकंपाच्या (११ डिसेंबर १९६७) वेळी तुम्ही याच घरात होता? बहात्तरच्या दुष्काळात? थोरल्याचं लग्न झालं होतं? माणसं आकडे विसरतात, पण आपण कोणत्या खोलीतून बाहेर पळालो हे विसरत नाहीत. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीबद्दल मात्र खूण म्हणूनही सहज विचारू नका. ते ज्यांच्या घरी घडलंय त्यांनी आपणहून काढलं तर ऐका, आणि छापण्यापूर्वी पुन्हा विचारा.

कोणाला विचारता याकडे बघा. स्मरणिकांच्या मुलाखती मालकांच्या, मंडळाच्या माजी अध्यक्षांच्या आणि पुरुषांच्या असतात. भाडेकरू, तांबट, बुरूड, कुंभार, दुकानात चाळीस वर्षं बसलेले मुनीम, घरोघरी पोळ्या करणाऱ्या मावशी, यांना पेठेच्या आतल्या वाटा जास्त ठाऊक असतात. घरात आजोबा बोलत असतील तर आजी आत असतात. त्यांच्याशी वेगळं, दुसऱ्या दिवशी बोला. आजोबांसमोर त्या ‘यांना सगळं माहितीय’ म्हणून गप्प बसतात.

इशारा : रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारा, आणि परवानगी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच त्यांच्या आवाजात घ्या. दोन जणांनी वेगळं सांगितलं तर मधला मार्ग काढून तिसरंच लिहू नका. दोन्ही लिहा, कोणी सांगितलं तेही लिहा.

## टप्पा ७ : दंतकथांचा वेगळा रकाना

पासोड्या विठोबा, डुल्या मारुती, सोट्या म्हसोबा, उपाशी विठोबा: प्रत्येक नावामागे किमान दोन गोष्टी मिळतील. त्या टाकून देऊ नका आणि इतिहासात मिसळूही नका. वेगळ्या पानावर ‘असे सांगतात’ या मथळ्याखाली ठेवा. गोष्ट कोणी, कधी सांगितली आणि सांगणाऱ्याने ती कुठे ऐकली, एवढं लिहा. ‘स्मरणिकेत वाचली’ असं उत्तर आलं तर ती जुनी स्मरणिका शोधा. पाच जणांनी सांगितलेली गोष्ट एकाच छापील पानातून निघालेली असते, हे वारंवार दिसतं.

भुयाराचं सांगायचं तर पेठांखाली पोकळ जागा खरोखरच आहेत. कात्रजहून पाणी आणणारा पेशवेकालीन नळ आणि त्यावरचे हौद शहरभर होते. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं अजून चालतात. वाड्याच्या तळघरात कमानीचं तोंड दिसलं तर आधी पाण्याचा विचार करा, मग बळदाचा (धान्य साठवायच्या जागेचा), आणि गुप्त वाटेचा सर्वांत शेवटी. आत उतरू नका. फोटो काढा, दिशा लिहा, जवळच्या हौदाशी ती जुळते का ते नकाशावर बघा.

## टप्पा ८ : लिहिताना

प्रत्येक विधानाच्या शेजारी समासात एक अक्षर लिहा: ‘क’ कागदावरून, ‘प’ प्रत्यक्ष पाहिलेलं, ‘स’ सांगितलेलं. ज्याला अक्षर लावता येत नाही ते वाक्य काढून टाका. साधारणपणे पहिला परिच्छेद पूर्ण जातो. जाऊ द्या.

छापायच्या आधी मजकूर मुलाखत दिलेल्या माणसांना वाचून दाखवा, पाठवून मोकळे होऊ नका. नावांचं ऱ्हस्वदीर्घ, आडनावं, नातं तिथेच दुरुस्त होतं. मंडळाच्या कार्यकर्त्यांना लांबी कमी हवी असेल तर दंतकथा आणि पेशवे कापा. बिऱ्हाडांची यादी आणि आराखडा कापू देऊ नका.

फोटोंच्या फायलींना घर नंबर, पेठ, खोली आणि तारीख या क्रमाने नाव द्या. सगळ्या नकला, रेकॉर्डिंग आणि तीन नंबरांचा तक्ता एका हार्ड डिस्कवर ठेवा. दुसरी प्रत आळीबाहेरच्या कोणाकडे तरी द्या, शक्यतो नदीपासून लांब आणि तळमजल्यावर न राहणाऱ्याकडे.